नवख्या खेळाडूची पारख : थोड्या पुराव्यावरून अनुमान कसे करावे

१. एका रात्रीचा पराक्रम

३० ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी व्यावसायिक बास्केटबॉलचा एक सामना झाला. एका बाजूस मायामीचा संघ होता. मागील दोन्ही वर्षांचे अजिंक्यपद त्याने मिळविले होते. दुसऱ्या बाजूस फिलाडेल्फियाचा संघ होता व त्याच्याकडून कोणासही फारशी आशा नव्हती. या दुबळ्या संघातून मायकेल कार्टर-विल्यम्स नावाचा बावीस वर्षांचा तरुण आपल्या व्यावसायिक आयुष्यातील पहिलाच सामना खेळत होता. त्या रात्री त्याने २२ गुण मिळविले, सहकाऱ्यांना १२ वेळा गुणदायी चेंडू पुरविला, ७ वेळा परतलेला चेंडू झेलला आणि प्रतिपक्षाच्या हातून ९ वेळा चेंडू हिसकावून घेतला. पदार्पणाच्या सामन्यात इतक्या वेळा चेंडू हिसकावणे यापूर्वी कोणासही साधले नव्हते. फिलाडेल्फियाने अजिंक्य संघाचा ११४ विरुद्ध ११० असा पराभव केला.

दुसऱ्या दिवशी क्रीडाप्रेमींच्या मनात जो प्रश्न उभा राहिला असेल तोच या पुस्तिकेचा विषय आहे. हा तरुण पुढे थोर खेळाडू होणार काय? आणि एका सामन्यावरून, किंवा पंचवीस सामन्यांवरून, असे काही सांगता येते काय?

प्रश्न वरवर करमणुकीचा वाटतो, पण तसा तो नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक संघटनेत निवडीच्या पहिल्या फेरीतून आलेल्या नवोदितास पहिल्या दोन वर्षांच्या वेतनाची हमी असते. तिसऱ्या वर्षी त्याला ठेवावयाचे की नाही, याचा निर्णय मात्र पहिला हंगाम संपल्यानंतरच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत संघास घ्यावा लागतो. म्हणजे एका तरुणाची उपजीविका आणि संघाचे मोठे धन ही दोन्ही एकाच हंगामाच्या पुराव्यावर तोलली जातात. परीक्षेच्या एका प्रश्नपत्रिकेवरून विद्यार्थ्याची, किंवा एका पावसाळ्यावरून नव्या बियाण्याची परीक्षा करणाराही याच अडचणीत असतो. पुरावा थोडा असतो आणि निर्णय टाळता येत नाही.

२. सूत्रधाराचे काम

बास्केटबॉल हा खेळ डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे निर्माण केला. प्रत्येक बाजूस पाच खेळाडू असतात. त्यांपैकी जो चेंडू घेऊन पुढे येतो, डाव रचतो आणि कोणी केव्हा फेक करावी हे ठरवितो, त्यास ‘पॉइंट गार्ड’ म्हणतात. नाटकातील सूत्रधाराशी त्याची तुलना करता येईल. स्वतः रंगमंचावर असून इतरांचे प्रवेशही त्यालाच साधावयाचे असतात.

यामुळेच त्याची पारख इतरांहून कठीण होते. त्याच्या हातून चेंडू मिळाल्यावर सहकाऱ्याने लगेच गुण केला, तर त्याच्या खाती एक ‘असिस्ट’ जमा होतो. पण सहकाऱ्याची फेक चुकली, तर चेंडू कितीही चतुराईने दिलेला असो, खाते कोरेच राहते. याच्या उलट त्याच्या चुकीने चेंडू प्रतिपक्षाकडे गेल्यास तो ‘टर्नओव्हर’ ठरतो. चेंडू सर्वांत जास्त वेळ त्याच्याच हाती असल्यामुळे ही चूकही त्याच्याच वाट्यास अधिक येते. त्याच्या नावावरील आकडे अशा रीतीने अंशतः त्याचे आणि अंशतः इतरांचे असतात.

३. बेरीज आणि प्रमाण

पहिला नियम असा की, नुसती बेरीज पाहू नये. ती किती संधींतून झाली हेही पाहावे.

स्टीव्ह नॅश हा खेळाडू १९९६ साली निवडीत पंधराव्या क्रमांकावर फीनिक्सच्या संघात आला. पहिल्या हंगामात त्याची सरासरी सामन्यागणिक केवळ ३.३ गुण व २.१ असिस्ट एवढीच होती. हे आकडे पाहून कोणीही त्याला सामान्य ठरविले असते. पण त्याला सामन्यागणिक सुमारे साडेदहा मिनिटेच मिळत होती, कारण त्याच्या जागी खेळणारे अनुभवी गडी संघात अगोदरच होते. प्रमुख खेळाडू साधारणपणे ३६ मिनिटे खेळतो असे धरून त्रैराशिक मांडले, तर २.१ गुणिले ३६ भागिले १०.५ म्हणजे ७.२ असिस्ट येतात. हा आकडा सामान्य नव्हे. नॅश पुढे २००५ व २००६ या दोन वर्षी संघटनेचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला.

जॉन स्टॉक्टनचे उदाहरण याच जातीचे आहे. १९८४ साली तो सोळाव्या क्रमांकावर यूटाच्या संघात आला. पहिल्या हंगामात तो सुमारे १८.२ मिनिटे खेळे व ५.१ असिस्ट देई. छत्तीस मिनिटांच्या मापाने हे दहाच्या वर जातात. एकोणीस वर्षे एकाच संघातून खेळून २००३ साली तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावे १५,८०६ असिस्टची नोंद होती.

या त्रैराशिकातही एक फसगत आहे. दहा मिनिटे खेळणारा गडी ताजातवाना असतो, आणि पुष्कळदा त्याची गाठ प्रतिपक्षाच्या राखीव खेळाडूंशी पडते. छत्तीस मिनिटे तो त्याच वेगाने खेळेलच असे नाही. शिवाय नॅश आणि स्टॉक्टन आज आठवतात ते यशस्वी झाले म्हणून. दहा मिनिटांत चांगले प्रमाण दाखवून पुढे नाहीसे झालेले अनेक खेळाडू कोणाच्या स्मरणात नाहीत. केवळ विजयी उदाहरणे गोळा करून नियम बसविणे हा अनुमानातील मोठा दोष होय.

मिनिटांप्रमाणेच खेळाचा वेगही ध्यानात घ्यावा लागतो. २०१३-१४ च्या हंगामात फिलाडेल्फियाचा संघ संघटनेत सर्वांत वेगाने खेळणारा होता. सामन्यात चेंडूचा ताबा सुमारे ९९ वेळा त्याच्याकडे येई. कार्टर-विल्यम्सची त्या हंगामाची सरासरी ६.३ असिस्टची होती. सामन्यास ९० ताबे घेणाऱ्या संथ संघात हेच प्रमाण ६.३ गुणिले ९० भागिले ९९, म्हणजे सुमारे ५.७ झाले असते. खेळाडू तोच, कौशल्य तेच, पण आकडा निराळा. म्हणून जाणकार लोक शंभर ताब्यांमागील प्रमाण पाहतात.

४. फेकीची किंमत

गुण किती केले यापेक्षा ते किती फेकी खर्चून केले हे अधिक महत्त्वाचे आहे. साधी फेक दोन गुणांची, दूरच्या रेषेबाहेरील तीन गुणांची, आणि प्रतिपक्षाच्या नियमभंगामुळे मिळणारी ‘फ्री थ्रो’ एका गुणाची असते. या तिन्हींचा एकत्र हिशेब करण्यासाठी एक सूत्र वापरतात. फ्री थ्रोंच्या संख्येस ०.४४ ने गुणून ती संख्या इतर फेकींत मिळवावी, बेरजेची दुप्पट करावी, आणि मिळविलेल्या गुणांना तिने भागावे. फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, पण नेहमीच नव्हे, म्हणून ०.५ ऐवजी ०.४४ हा अनुभवसिद्ध गुणक घेतला आहे.

पदार्पणाच्या रात्री कार्टर-विल्यम्सने १० फेकी व ८ फ्री थ्रो घेऊन २२ गुण केले. ८ गुणिले ०.४४ म्हणजे ३.५२, त्यात १० मिळवून १३.५२, त्याची दुप्पट २७.०४. बावीसला याने भागिले असता ०.८१ येतात. संपूर्ण संघटनेची सरासरी त्या वर्षी सुमारे ०.५४ होती. त्या रात्रीचा खेळ खरोखरच असामान्य होता. पण हंगामाअखेर त्याचा हाच अंक सुमारे ०.४८ वर, म्हणजे सरासरीच्याही बराच खाली आला. असे का व्हावे?

५. यदृच्छेचा वाटा

त्या रात्री त्याने तीन गुणांच्या सहा फेकी केल्या व त्यांपैकी चार साधल्या. हंगामाच्या शेवटी मात्र त्याचे या फेकीतील यश शंभरात २६.४ एवढेच भरले. यात विसंगती काही नाही, हे थोड्या गणिताने दाखविता येते.

समजा, एखाद्या खेळाडूची खरी कुवत चार फेकींत एक साधण्याची आहे. सहा फेकींत नेमक्या चार साधण्याची संभाव्यता ४०९६ त १३५, पाच साधण्याची १८, आणि सहाही साधण्याची १ येते. म्हणजे चार किंवा अधिक साधण्याची संभाव्यता ४०९६ त १५४, सुमारे २७ त १ होय. हंगामात ८२ सामने असतात. प्रत्येक सामन्यात सहा फेकी केल्यास अशा सामान्य नेमबाजाच्या वाट्यासही असल्या दोनतीन रात्री येणारच. त्यांपैकी एक पहिल्याच दिवशी आली, तर पाहणारा ती योग्यता समजतो.

यदृच्छेचा हा वाटा मोजण्याचे साधन संख्याशास्त्रात आहे. यशाचे प्रमाण व अपयशाचे प्रमाण यांचा गुणाकार करावा, त्यास फेकींच्या संख्येने भागावे, आणि भागाकाराचे वर्गमूळ काढावे. यास प्रमाणदोष म्हणतात. शंभरात ३५ या सर्वसाधारण कुवतीसाठी सहा फेकींचा प्रमाणदोष सुमारे १९ टक्के येतो. शंभर फेकींचा सुमारे ४.८ टक्के; चारशेंचा सुमारे २.४ टक्के. फेकी चौपट झाल्या की दोष निम्मा होतो. पहिल्या महिन्यात पन्नास फेकी घेणाऱ्या खेळाडूचे प्रमाण ४५ टक्के किंवा २५ टक्के दिसले, तरी दोन्हीही केवळ योगायोगाने घडू शकतात. महिनाभराच्या आकड्यांवरून नेमबाजीविषयी निकाल देणे ही घाई होय.

६. सरासरीकडे ओढ

मग निकाल द्यावा तरी कसा? सर फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईबाप व मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईबापांची मुले उंच असतात खरी, परंतु सरासरीने पाहता आईबापांइतकी नसतात, असे त्यांना आढळले. कोणत्याही टोकाच्या निरीक्षणानंतरचे निरीक्षण सरासरीच्या अधिक जवळ पडण्याचा संभव असतो. पहिल्या महिन्यात तळपलेला खेळाडू दुसऱ्या महिन्यात मंदावतो, तेव्हा त्याला गर्व झाला किंवा प्रतिस्पर्ध्यांनी त्याला ओळखले, अशी कारणे शोधली जातात. ती क्वचित खरीही असतील. पण बहुतेक वेळी पहिल्या महिन्यातील दैवाचा वाटा वजा झाला, एवढेच कारण पुरेसे असते.

यावरून एक व्यावहारिक युक्ती निघते. नवोदिताच्या प्रत्यक्ष फेकींत सरासरी खेळाडूच्या काही काल्पनिक फेकी मिळवाव्यात व मग प्रमाण काढावे. उदाहरणापुरते असे धरू की काल्पनिक फेकी २०० व त्यांचे यश शंभरात ३५, म्हणजे ७० आहे. कार्टर-विल्यम्सच्या पहिल्या रात्रीनंतरचा अंदाज ७४ भागिले २०६, म्हणजे ३५.९ टक्के. चारास सहा हे प्रमाण डोळ्यांना ६६.७ टक्के दिसते, पण त्याने अंदाज एका टक्क्यानेसुद्धा हलत नाही. संपूर्ण हंगामात त्याने सुमारे दोनशे अशा फेकी केल्या. तेव्हा ३५ व २६.४ यांच्या मध्यावर, म्हणजे ३०.७ च्या आसपास, अंदाज येतो. पुरावा वाढला तसा खेळाडूचा स्वतःचा आवाज मोठा झाला व सरासरीचा लहान झाला.

काल्पनिक फेकी किती घ्याव्यात, हे खेळाडू-खेळाडूंतील खऱ्या फरकावर अवलंबून असते. ज्या कौशल्यात माणसामाणसांत मोठा फरक असतो, त्यात त्या थोड्या पुरतात. जेथे फरक लहान व दैव मोठे, तेथे पुष्कळ लागतात.

ही युक्ती मनची नव्हे. चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ साली व जेम्स यांच्यासह १९६१ साली तिचा गणिती पाया घातला. ब्रॅडली एफ्रॉन व कार्ल मॉरिस यांनी बेसबॉलच्या अठरा फलंदाजांवर ती पडताळून पाहिली. १९७० च्या हंगामातील प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधींवरून उरलेल्या हंगामाचे भाकीत करावयाचे होते. प्रत्येकाचे दिसलेले प्रमाण जसेच्या तसे घेतल्यास भाकितांच्या चुकांच्या वर्गांची बेरीज, सरासरीकडे ओढलेल्या भाकितांच्या मानाने सुमारे साडेतीन पट भरली.

तथापि याच अभ्यासात एक इशाराही आहे. रॉबर्टो क्लेमेंटे या फलंदाजाने पहिल्या ४५ संधींत १८, म्हणजे शंभरात ४० यश मिळविले होते. रीतीने त्याला सुमारे २९ पर्यंत खाली ओढले. उरलेल्या हंगामात त्याने ३४.६ मिळविले. क्लेमेंटे खरोखरच असामान्य होता, आणि सर्वांना एकाच सरासरीकडे ओढणारी रीत अशा माणसावर अन्याय करते. समूहाच्या बाबतीत जी रीत उत्तम, ती प्रत्येक व्यक्तीस न्याय देईलच असे नाही. म्हणून त्या व्यक्तीविषयी पूर्वी जे ठाऊक असेल, ते हिशेबात घेतलेच पाहिजे.

७. दोन नवोदित, एक हंगाम

२००९-१० च्या हंगामात दोन नवोदितांची तुलना चालली होती. सॅक्रमेंटोचा टायरीक एव्हन्स सामन्यागणिक २०.१ गुण, ५.३ रिबाउंड व ५.८ असिस्ट मिळवीत होता. गोल्डन स्टेटचा स्टीफन करी १७.५ गुण व ५.९ असिस्ट. सर्वोत्कृष्ट नवोदिताचा मान एव्हन्सला मिळाला, करी दुसरा आला. झालेल्या कामगिरीचा गौरव म्हणून हा निर्णय अयोग्य नव्हता.

परंतु भावी योग्यतेचा प्रश्न निराळा आहे. करीने त्या हंगामात तीन गुणांच्या ३८० फेकींपैकी १६६ साधल्या, म्हणजे ४३.७ टक्के. वरील रीतीने २०० काल्पनिक फेकी मिळविल्या, तरी २३६ भागिले ५८०, म्हणजे ४०.७ टक्के उरतात. सरासरीकडे ओढूनही तो वरच राहिला. एवढ्या फेकींचा प्रमाणदोष केवळ अडीच टक्के, तेव्हा हे दैवाचे काम नव्हे. विद्यापीठात असतानाच तो नेमबाज म्हणून विख्यात होता, म्हणजे पूर्वीचा पुरावाही त्याच बाजूस होता. फ्री थ्रोमध्ये त्याचे यश ८८.५ टक्के होते. एव्हन्सचे तीन गुणांच्या फेकीतील यश २५.५ व फ्री थ्रोतील ७४.८ टक्के. फ्री थ्रो पंधरा फुटांवरून, कोणी आडवे येत नसता घेतात, म्हणून तीत हाताच्या नेमाची शुद्ध परीक्षा होते. करी २०१५ व २०१६ साली सर्वश्रेष्ठ ठरला. एव्हन्सला सरासरी वीस गुण पुन्हा कधी गाठता आले नाहीत.

येथे एक सावधगिरी हवी. २०१० साली कोणा एखाद्याने करीचे संपूर्ण भविष्य वाचले असते, असा याचा अर्थ नाही. पुरावा एवढेच सांगत होता की एकाचे मुख्य कौशल्य टिकाऊ आहे आणि दुसऱ्याचे एक महत्त्वाचे कौशल्य कच्चे आहे. शास्त्र भाकिताची खात्री देत नाही; पैज कोणत्या बाजूस अधिक न्याय्य हे मात्र सांगते.

८. कुवत बदलते

आतापर्यंत खेळाडूची कुवत स्थिर धरली आहे. वास्तविक ती स्थिर नसते. लॉन्झो बॉलने २०१७-१८ साली लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघातून पदार्पण केले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याची असिस्टची सरासरी ७.२ व टर्नओव्हरची २.६ होती. एका चुकीमागे पावणेतीन असिस्ट हे नवोदितास भूषणावह आहे. कार्टर-विल्यम्सचे हेच प्रमाण ६.३ ला ३.५, म्हणजे १.८ होते. बॉलची नेमबाजी मात्र वाईट होती. तीन गुणांच्या फेकीत ३०.५ टक्के आणि फ्री थ्रोत ४५.१ टक्के. फ्री थ्रो सत्तरच्या आसपासच होत्या, तरी प्रमाणदोष सहा टक्क्यांचा धरूनही हे अपयश दैवाच्या माथी मारता येत नाही. कुवतच कमी होती.

पुढे काय झाले? त्याने फेकण्याची पद्धत बदलली. २०२०-२१ साली फ्री थ्रोतील यश ७८.१ टक्क्यांवर गेले, आणि तीन गुणांच्या फेकीतील यश २०२१-२२ साली ४२.३ टक्क्यांपर्यंत पोहोचले. त्यानंतर गुडघ्याच्या दुखण्याने दोन संपूर्ण हंगाम त्याला मैदानाबाहेर काढले; हे कोणत्याही पहिल्या हंगामाच्या आकड्यांत लिहिलेले नव्हते.

यावरून दोन प्रकारच्या अनिश्चितता वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली मोजमापाची : आजची कुवत नक्की किती, हे थोड्या फेकींवरून कळत नाही. फेकी वाढल्या की ती कमी होते. दुसरी बदलाची : उद्याची कुवत आजच्यासारखीच राहील काय? ती कितीही फेकी मोजल्या तरी कमी होत नाही. तिच्यासाठी वय, शरीर, शिकण्याची तयारी, प्रशिक्षक व प्रकृती यांचा विचार करावा लागतो. वीस वर्षांच्या मुलास वाढीस जितका अवकाश असतो, तितका चोविशीतील तरुणास सहसा नसतो. म्हणून समान आकड्यांच्या दोघांत धाकट्याकडून अधिक आशा करणे सयुक्तिक ठरते.

२०१३-१४ पासून संघटनेच्या सर्व क्रीडागृहांत खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे बसविण्यात आले. त्यामुळे सहकाऱ्याची फेक चुकली तरी चेंडू योग्य जागी दिला होता काय, हे मोजता येऊ लागले. सूत्रधाराचे खाते आता पूर्वीइतके परावलंबी राहिले नाही. तरीही मोजणीने प्रत्यक्ष पाहणे अनावश्यक होत नाही. काय पाहावे हे मात्र ती शिकविते.

९. उपसंहार

कार्टर-विल्यम्सची कथा पुरी करावयास हवी. त्या हंगामात फिलाडेल्फियाने सलग २६ सामने गमावले. तरी त्याची स्वतःची सरासरी १६.७ गुण, ६.२ रिबाउंड व ६.३ असिस्ट भरली आणि सर्वोत्कृष्ट नवोदिताचा मान त्यालाच मिळाला. परंतु फेब्रुवारी २०१५ मध्ये, दुसरा हंगाम संपण्यापूर्वीच, संघाने त्याला दुसरीकडे धाडले. दूरची फेक त्याला पुढेही साधली नाही, व तो संघासंघांतून फिरत राहिला. तो वाईट खेळाडू होता असे नव्हे. चेंडू हिसकावणे, रिबाउंड घेणे ही त्याची कौशल्ये खरी होती. दुबळ्या व वेगवान संघात मिळालेल्या विपुल संधींनी त्याचे आकडे फुगविले, आणि पहिल्या रात्रीने अपेक्षांना अशा उंचीवर नेले की जेथून कोणासही उतरावेच लागले असते. त्या उतरण्याचा दोष मात्र लोकांनी त्याच्या माथी ठेवला.

योग्य पारख अखेर न्यायाचीही बाब आहे. एका चांगल्या दिवसावरून कोणास डोक्यावर घेणे आणि एका वाईट महिन्यावरून खाली टाकणे ही एकाच चुकीची दोन रूपे होत. संधी किती मिळाली, नमुना किती मोठा आहे, पूर्वी काय ठाऊक होते आणि वाढीस अवकाश किती आहे, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय निकाल देऊ नये. क्रीडांगणात हे जितके खरे, तितकेच ते शाळेत, शेतात व रुग्णालयातही खरे आहे.

स्वाध्याय

१. एक नवोदित १२ मिनिटांत सरासरी ३ असिस्ट देतो. ३६ मिनिटांच्या मापाने किती होतील? हा आकडा स्वीकारण्यापूर्वी कोणत्या दोन शंका घ्याव्यात?

२. एका खेळाडूने तीन गुणांच्या १०० फेकींपैकी ४५ साधल्या. ३५ टक्के यशाच्या २०० काल्पनिक फेकी मिळवून त्याच्या कुवतीचा अंदाज काढा.

३. प्रमाणदोष निम्मा करावयाचा असल्यास फेकी किती पट हव्यात?

उत्तरे : (१) ९, तो थकल्यावर कसा खेळतो, आणि त्याची गाठ कोणाशी पडत होती. (२) ११५ भागिले ३००, म्हणजे ३८.३ टक्के. (३) चौपट.